येऊलालो

स्क्रीन बदलली की टच तपासावा लागतो.
कीबोर्ड उघडतो, बोट फिरवतो अ पासून ज्ञ पर्यंत,
आणि कीबोर्डच्या वर
कुणाचं तरी घर उघडं असतं.
वाचायचं नसतं.
सात रस्त्याला एकोणीस वर्षं दुकान आहे माझं,
वाचायचं नसतं ते एकोणीस वर्षं वाचत आलोय.

बाप्याच्या फोनात डावी बाजू भरलेली :
पोचलात का
शेंगाचटणी वेगळ्या पुडीत आहे, दही घेऊन खावा
धाकटीचा ताप उतरला पण डोळे लाल आहेत
गॅसवाला आला होता, सुट्टे नव्हते, परत गेला
काल तुम्ही काहीच बोलला नाही
आणि उजवीकडे, कोपऱ्यात अंग चोरून,
हं.
कधी अंगठा. नुसता, पिवळा, धडावेगळा.
कधी आमच्या गावचं ते
दहा कामांना पुरणारं एकच क्रियापद :
येऊलालो.
निघालेला नसतो. चहाचा कप अजून अर्धा,
समोर मित्र, मित्राच्या हातात पत्ते.
तरी येऊलालो.

मी हसायचो. शेजारच्या रसवाल्याला सांगायचो,
बाईमाणूस लिहितं चादर, बाप्या लिहितो रुमाल.
तो घुंगराच्या तालावर ऊस फिरवत म्हणायचा,
खरंय बे.

मग एप्रिलात यादगिरी येमूल आला.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांवर असतो.
स्पीकर बंद. उघडला, तर आत सुताची पांढरी बुरशी,
चिमट्यानं ओढली तशी येतच राहिली.
म्हणाला, आवाज येऊ दे फक्त,
काच फुटलीय ती फुटू दे.

तपासायला शेवटचा मेसेज वाजवला.
बाईचा आवाज, तेलुगूत. मला निम्मं कळलं.
मागं विडीची पानं कापणारी कात्री, कच् कच्,
बोलता बोलता मध्येच मोजणी,
मोजता मोजता मध्येच मुलाची फी.
असे चौतीस. एकाच दिवसाचे.

वहिनी लिहीत नाहीत का, विचारलं.
राजमणी व्हय? तिचे हात कुठं रिकामे असतात,
तोंड तेवढं असतं.
बोटाचे ठसेपण गेलेत. फोन तिला ओळखत नाही,
रेशनचं मशीन ओळखत नाही.
आणि तू?
मागापाशी उभं राहून ऐकायला येतं होय कुणाला?
सुट्टी झाली की सायकलीला टेकून
सगळे एकदम ऐकतो, पहिल्यापासून.
तवर ती विचारून विचारून गप झालेली असते.
मग हं लिवतो.

फोन बंद करणार, तेवढ्यात खालच्या पट्टीत
अर्धवट लिहिलेलं दिसलं, न पाठवलेलं :
राजी आज तू अकरा वेळा खोकलीस
पुढं काही नाही.
त्याच्या वर, पाठवलेला,
अंगठा.

स्पीकरचे दीडशे घेतले.
रसवाल्याला काही सांगितलं नाही.

रात्री शटर ओढताना महानंदाचे सहा मेसेज होते.
सहावा नुसता प्रश्नचिन्हाचा.
हं लिहिलं. खोडलं.
शटरला पाठ लावून उभा राहिलो,
भिंत अजून दुपारसारखी तापलेली.
काहीतरी लिहिलं, तेही खोडलं.
तिकडं तिला दिसत असणार, हा लिहितोय, लिहितोय,
आणि काळजी वाटत असणार.
शेवटी एवढंच गेलं :
पाणी आलं का?
पाचवा दिवस होता. घागरी एकटीनं भरल्या असतील,
पाइप एकटीनं वर ओढला असेल.

निळ्या टिका झाल्या.
बराच वेळ काही नाही.
मग आलं
हं.

असं लागतं होय ते, म्हटलं.
आणि किक मारून झाल्यावर,
गाडी चालू असताना,
लिहिलं,
येऊलालो.